जुन्या ॲम्बॅसडरच्या डायनामो-डिस्ट्रिब्युटरवरचे नंबर कसे वाचायचे?

दांडियाबाजार_५९
नमस्कार मंडळी, आजोबांची १९५९ची ॲम्बॅसडर आहे, १४८९ सीसी ओव्हरहेड व्हॉल्व्हवाली, बरीच वर्षं बडोद्याच्या घरी उभी होती, आता परत चालू करायचं मनावर घेतलंय. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा) आणि डायनामो (बॅटरी चार्ज करणारा) बाहेर काढलेत, दोन्ही लुकास या ब्रिटिश कंपनीचे. डिस्ट्रिब्युटरवर २५डी४, खाली ४०ने सुरू होणारा पाच आकडी नंबर, मागे ए, आणि बाजूला १७ ६४ ठोकलंय. डायनामोवर नुसतं सी३९ दिसतं, बाकी सगळं रंगाखाली. हे मूळ गाडीचेच पार्ट का नंतर बसवलेले? मेकॅनिक म्हणतो नंबर सोडा, डायनामोच्या जागी अल्टरनेटर टाकू. मला ते नाही करायचं.

रावपुरा_काका
अल्टरनेटर अजिबात नको! आणि आधी एक ऐका, नंबरावर एमरी पेपर किंवा वायर ब्रश मारू नका, ठोकलेले आकडे उथळ असतात, एकदा गेले की गेले. थिनरने हळूहळू रंग काढा, वाळल्यावर खडू घासा आणि फडक्याने वरवर पुसा, खाचेत पांढरं राहतं आणि आकडे दिसायला लागतात, टॉर्च वरून नाही, आडवा धरा.

आता वाचायचं कसं. २५डी४ हे मॉडेल, त्यातला ४ म्हणजे चार सिलिंडर. खरा नंबर तो पाच आकडी. पहिले दोन आकडे साधारण वस्तूची जात सांगतात, २२ डायनामो, २५ स्टार्टर, ३७ रेग्युलेटर (डायनामोचं चार्जिंग आवरणारा), ४० डिस्ट्रिब्युटर, ४५ कॉइल, ७५ वायपर मोटर. मागचं अक्षर म्हणजे नंतर केलेली सुधारणा. १७ ६४ ही तारीख. महिना १७वा नसतो, म्हणजे १९६४चा सतरावा आठवडा. म्हणजे तुमचा डिस्ट्रिब्युटर गाडीनंतर पाच वर्षांनी बनलाय, बदललेलाच आहे.

सयाजीगंज_ट्यूनर
काकांचं बरोबर, फक्त २५डी४ बघून दुसऱ्या गाडीचा उचलू नका, ठिणगीची वेळ पुढेमागे करणाऱ्या आतल्या स्प्रिंग आणि वजनं पाच आकडी नंबरप्रमाणे वेगळी असतात. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारी डबी असते, तिच्यावर पण तीन आकडे असतात बघा. समजा ५-१३-१० असेल तर व्हॅक्यूम ५ इंच पाऱ्याइतका झाला की ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) सुरू, १३ला पूर्ण, आणि जास्तीत जास्त १० अंश, पण हे डिस्ट्रिब्युटरचे अंश, क्रँकला दुप्पट म्हणजे २०. टायमिंग लावताना हा घोळ फार जण करतात आणि मग चढावर इंजिन खडखडतं.

कुठल्या पार्टवर लुकास-टीव्हीएस लिहिलेलं सापडलं तर तो मूळचा नाही, ती कंपनीच १९६१ची.

दांडियाबाजार_५९
काका, खडूने कमाल केली! डायनामोवर २२ने सुरू होणारा नंबर निघाला आणि शेजारी १२ ५९. पण हा डिसेंबर का बारावा आठवडा?

रावपुरा_काका
पहिला आकडा १२ किंवा खाली असला की नुसत्या शिक्क्यावरून ते ठरवता येत नाही, पण साल १९५९च. गाडीच्या सालाशी जुळतंय, मूळचा असायला पूर्ण वाव आहे, फार छान वाटलं वाचून. डायनामोची बॉडी तीच ठेवा, आर्मेचर, ब्रश आणि बुश करून घ्या. परत बसवल्यावर रेग्युलेटरची एफ वायर सुटी ठेवून डायनामोच्या एफ (फील्ड) टर्मिनलला बॅटरीच्या लाइव्ह टोकाची वायर क्षणभर टेकवा, गाडीच्या बॉडीला (अर्थला) बॅटरीचं प्लस जोडलंय का मायनस ते आधी बघून, त्याशिवाय डायनामोची पोलॅरिटी (प्लस-मायनस) बरोबर बसेल याची खात्री नाही.