छोट्या खोलीतला कीबोर्ड : तुम्ही कोणता घेतला, काय चुकलं?

माझा भाचा निपाणीहून बेळगावला शिकायला आलाय. हिंदवाडीत आठ बाय दहाची खोली मिळाली. लोखंडी खाट, टेबल, भिंतीतलं कपाट, संपलं. गावी देवळात तो पेटी वाजवायचा. ते सुटल्यापासून पोरगं गप्प गप्प असतं. परवा म्हणाला, "आत्या, कीबोर्ड तरी घेऊया की." दुकानात गेलो तर आवाज किती नि ताल किती, एवढंच सांगतात. अशा खोलीत राहून ज्यांनी वाजवलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

वडगावहून, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष

जागा वाचेल म्हणून मी आधी बारक्या पट्ट्यांचा घेतला होता. उशाशी मावायचा. दोन महिन्यांत बोटं त्या मापाला बसली, आणि दिवाळीत घरी पेटीवर बसलो तर वरचा सा म्हणून दाबलं की नी वाजायचा. फार वाईट वाटलं. काकू, दुकानात फूटपट्टी घेऊन जावा. सा ते नी, सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास भरल्या तर बोटांचं माप बरोबर.

आता माझ्याकडं कॅसिओटोन सीटी-एस २०० आहे. पट्ट्या ६१, लांबी ९३ सेंटीमीटर, वजन ३.३ किलो. वाजवून झालं की कपाटाच्या बाजूला उभा करतो. पण यात पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. त्याच मालिकेतल्या सीटी-एस ३०० मध्ये दाबाप्रमाणं आवाज बदलतो. मी थोडे पैसे वाचवले, ते आज टोचतंय.

टिळकवाडीहून, पेटी शिकवते

वरच्या मुलानं दाबाचं लिहिलंय, ते मनावर घ्या. हे पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव, इथल्या कानांना पेटीची सवय आहे. पेटीत जोर भात्यातून येतो, पट्टी कशी दाबली याला फारसं महत्त्व नाही. त्यामुळं पेटीवरून आलेली मुलं कीबोर्डवर सगळे स्वर एकाच जोरानं ठोकतात. दाब ओळखणारा कीबोर्ड असेल तर पियानोचा आवाज लावून रोज दहा मिनिटं एकच अलंकार, म्हणजे स्वरांची ठरलेली सरावाची ओळ, आधी हळू, मग मोठा, मग परत हळू वाजवायचा. तेव्हा कुठं हाताला वळण लागतं.

दुसरं, ट्रान्स्पोजचं बटण, म्हणजे बोटं तीच ठेवून सगळे सूर वर-खाली सरकवणारं. माझा एक विद्यार्थी काळी एकमध्ये गातो, म्हणजे पहिली काळी पट्टी सा धरून. कीबोर्डवर त्यानं बटणानं अर्धा सूर चढवला आणि सगळं पांढरी एकची बोटं ठेवून बसवलं. कानाला ठीकच लागत होतं. गणपतीच्या आरासीपुढं खरी पेटी समोर आली नि पोराचा हात जागच्या जागी थिजला. मी शेजारीच बसले होते, त्याची बोटं काळ्या पट्ट्यांवर नुसती हवेत फिरत होती. घाईच्या कार्यक्रमाला ते बटण जरूर वापरा, पण रियाज आपल्या पट्टीतच व्हायला हवा.

एकट्यानं रियाज करणाऱ्याला यामाहाचा पीएसआर-आय ५०० बरा पडतो. त्यात रियाज नावाची सोय आहे, तानपुरा आणि तबला दोन्ही मिळतात. दाबाप्रमाणं आवाजही बदलतो. हा साधारण ९४ सेंटीमीटर लांब, पण रुंदीला जवळजवळ ३७ सेंटीमीटर, म्हणून टेबल मोजूनच आणा. आणि अशा कीबोर्डवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पट्ट्यांतून निघत नाही, ती गळ्यातच ठेवावी लागते.

शहापूरहून, नोकरी करते, भाड्यानं राहते

माझ्या घरमालकीण अक्का खाली राहतात. पहिल्याच रात्री दार वाजलं, "स्वल्प कडिमे माडी," म्हणजे कन्नडमध्ये जरा कमी करा. दुसऱ्या दिवशी हेडफोन आणला, तर पिन बसेना! मोबाईलची पिन ३.५ मिलिमीटर, आणि माझ्या कीबोर्डचं भोक जाड पिनेचं, ६.३५ चं. मधे लावायचा छोटा जोड मिळतो, तो आधीच घ्या. ब्लूटूथवाला हेडफोन नको, बोट पडल्यावर आवाज मागाहून येतो नि ताल चुकतो. हेडफोन लावला तरी पट्ट्यांची टकटक खाली जातेच, म्हणून मी खाली जुनी सतरंजी दुमडून घालते. आता अक्का स्वतःच विचारतात, आज का वाजवलं नाहीस?

उंचीकडं लक्ष द्या. अभ्यासाच्या टेबलावर ठेवला की पट्ट्या छातीशी येतात, खांदे वर चढतात आणि मान धरते. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला पाहिजे. मी खुर्चीवर जाड उशी घेते, पायाखाली पाट.

खानापूरहून

आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कीबोर्डाच्या मधल्या दोन पट्ट्या श्रावणात मुक्या झाल्या, आणि एक मात्र बोट लागलं की दणकून वाजायची. उघडून दाखवला तेव्हा पट्ट्यांखालच्या रबरी भागावर ओल नि धूळ बसलेली. पुसून घेतल्यावर चालू झाला. तेव्हापासून प्लास्टिक काढून टाकलं, सुती कापड झाकतो, भिंतीपासून वीतभर लांब. सेल घालून विसरू नका, ते आत पाझरतात.

अडॅप्टर दुसऱ्याचा लावायचा नाही. यामाहाच्या अशा कीबोर्डांना १२ व्होल्ट लागतात, कॅसिओच्या बऱ्याच मॉडेलांना ९.५. व्होल्ट जुळले तरी पिनेचं अधिक-उणे उलटं असू शकतं, मागं छापलेलं चित्र ताडून बघा.

कॅम्पमधून, पियानोच्या परीक्षा देतो

पुढं पियानोच शिकायचा असेल तर ८८ जड पट्ट्या हव्यात. माझा कॅसिओचा डिजिटल पियानो सीडीपी-एस १०० साडेदहा किलोचा आणि १३२ सेंटीमीटर लांब, खाटेला समांतर बसतो. पेटीवाल्या मुलासाठी मी तो सुचवणार नाही.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्याबरोबर दोन वर्तमानपत्रं चिकटवून ९४ बाय ३७ चा कागद कापला. टेबलावर बसला, पण वही ठेवायला जागा राहिली नाही. मग खाटेच्या पायथ्याशी, खिडकीच्या बाजूला फोल्डिंगचं स्टँड लावायचं ठरलं, उंची कमी-जास्त होणारं. त्यानं कागदावर पेनानं पट्ट्या आखल्यात नि रात्री त्यावरच बोटं फिरवत बसला होता. रविवारी फूटपट्टी आणि जाड पिनेचा हेडफोन घेऊन दुकानात जाणार आहोत.