मदत हवी आहे: 'ओशन्स इलेव्हन'मधले ते कागद तिजोरीत पोचले कसे?

मंडळी, दिग्दर्शक सोडरबर्गचा २००१चा 'ओशन्स इलेव्हन' परत पाहिला; लास वेगासच्या कॅसिनोंची तिजोरी लुटणाऱ्या टोळीचा तो सिनेमा. (पुढे रहस्यभेद आहे!) डेव्हिड होम्सचं संगीत, सतत काहीतरी चरणारा ब्रॅड पिट, शेवटी बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यापुढून एकेक करून पांगणारी टोळी... थाट म्हणावा तर असा!

पण डोक्यात किडा वळवळतोय. कॅसिनोमालक बेनेडिक्टची माणसं ज्या बॅगा व्हॅनमध्ये भरतात, त्यांत नोटांऐवजी जाहिरातींचे कागद निघतात. एवढे गठ्ठे तिजोरीत नेले कुणी, कधी? स्वॅट या सशस्त्र पोलीस पथकाच्या वेशातली टोळी शिरते ती नंतर. टोळीतला कसरतपटू येन ज्या पेटीत लपून आत जातो, तिच्यात तर तोच जेमतेम मावतो.

माझ्या नजरेतून काही सुटलंय, की पटकथेतच भोक आहे? (ज्युलिया रॉबर्ट्सला फारसं कामच नाही, ते वेगळंच.) कुणी उलगडून सांगेल का?