गुन्हेगारीशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा ट्युटोरियलचा तास ठेवावा की बंद करावा?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवतो. पहिल्या वर्षाला आम्ही आठवड्यातून एक तास ट्युटोरियल ठेवलंय. वर्गाचे लहान गट पाडतो आणि एम.ए.ची किंवा तिसऱ्या वर्षाची पोरं एकेक गट सांभाळतात. आता हा तास बंद करून त्या जागी लेक्चर घ्यावं असा सूर निघालाय. कारणं दोन: पोर्शन मागे राहतो आणि पोरं नुसत्या गप्पा हाणतात.

माझं म्हणणं, दुसरं काही बंद करा पण हा तास ठेवा.

रसायनशास्त्राला पोरगं कोरी पाटी घेऊन येतं. आमच्याकडे येतं ते टीव्हीवरच्या क्राइम मालिका, मोबाईलवरच्या बातम्या आणि पारावरच्या गप्पा डोक्यात भरून. 'चौकात फटके द्या', 'फाशीशिवाय इलाज नाही' हे सगळं पहिल्याच दिवशी तयार असतं. मग लेक्चरला लोम्ब्रोसो येतो, इटलीचा डॉक्टर, १८७६चा, जन्मजात गुन्हेगाराची चेहरेपट्टी सांगणारा. अख्खा वर्ग मान हलवतो. कित्येकांना तो मनापासून पटतो, 'सर, चेहऱ्यावरून कळतंच ना!' लेक्चरमध्ये मी 'हा सिद्धान्त पुढे टिकला नाही' असं सांगतो, पोरं ते लिहून घेतात आणि मत होतं तिथंच राहतं.

गटात बसलं की ही पळवाट बंद होते. परवाचाच तास सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'क्राइम इन इंडिया'मधला एक तक्ता समोर ठेवला. केरळचा गुन्हेदर देशातल्या वरच्या राज्यांत दिसतो. एक जण लगेच म्हणाला, 'म्हणजे तिकडं गुंडगिरी जास्त.' गट घेणाऱ्या मुलीनं एवढंच विचारलं, 'हा आकडा गुन्ह्यांचा आहे की नोंदींचा?' मग वीस मिनिटं पोरं त्या तक्त्याखालची बारीक टीप वाचत बसली. एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरतात. म्हणजे घरफोडी करताना खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात जातो, घरफोडीच्या नाही. हे मी लेक्चरमध्ये दोनदा सांगितलं होतं. एकाच्याही लक्षात नव्हतं.

तुमचं काय म्हणणं?

---

केळीबागवाला_रावेर

सर, तास चांगला झाला असेल, नाही म्हणत नाही. पण हा खटाटोप कशासाठी चाललाय ते उघड बोलू या. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. अर्धा विभाग तासिका तत्त्वावर. त्यांचं मानधन कधी येईल ते देवाला ठाऊक. अशा वेळी तिसऱ्या वर्षाच्या पोराला खडू देऊन गट सांभाळायला लावायचा आणि त्याला 'विद्यार्थीकेंद्री शिक्षण' म्हणायचं! घरोघर नेट-सेट झालेले बसून आहेत. त्यांना घ्या ना.

आणि तिसऱ्या वर्षाच्या पोराला येतं तरी काय? अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला असतो तो. पहिल्या वर्षाला पाया घालायचा म्हणता, आणि पाया घालायला गवंड्याचा पोऱ्या पाठवता.

---

वाचनवेडा_चोपडा

केळीबागवाले भाऊ, जागा भरल्या पाहिजेत हे शंभर टक्के. पण सीनियर पोरांनी गट घ्यायची पद्धत कंजूषपणातून निघालेली नाही. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३मध्ये डिएना मार्टिन यांनी ती बसवली. पुढे ती अनेक देशांत गेली. तिथला नियम मला फार आवडतो: कच्चे विद्यार्थी निवडायचे नाहीत, अवघड विषय निवडायचा. ज्या विषयात पोरं जास्त गळतात त्याला हा तास, आणि तो सगळ्यांसाठी खुला. त्यामुळे 'ढ पोरांचा वर्ग' असा शिक्का बसत नाही. आपल्याकडे रेमेडियल कोचिंगचं काय झालं आठवा. दारावर यादी लागायची आणि यादीतली निम्मी पोरं लाजेनं फिरकायचीच नाहीत.

दुसरं म्हणजे तिथला गटप्रमुख त्या विषयाच्या लेक्चरला परत जाऊन बसतो, त्याला आधी प्रशिक्षण मिळतं आणि कामाचे पैसेही मिळतात. तो शिकवतच नाही. पोरांना एकमेकांशी बोलतं करतो. तुमच्या गटातल्या मुलीनं उत्तर दिलं नाही, प्रश्न विचारला. तिचं काम तेवढंच.

---

केळीबागवाला_रावेर

प्रशिक्षण आणि पैसे. हे दोन शब्द नीट वाचा. आपल्याकडे दोन्ही नसतात, उरतो तो फक्त तास.

---

निवृत्त_हवालदार

३० वर्षं खात्यात काढली, म्हणून चार शब्द. तुमचं लोम्ब्रोसो-बिम्ब्रोसो राहू द्या. आज पदवी घेतलेलं पोरगं येतं आणि पंचनामा म्हणजे काय ते त्याला माहीत नसतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तरी लोकांच्या तोंडी अजून जुनं कलम ३०२च. खून आता १०३ झाला, चोरी ३०३, फसवणूक ३१८. ट्युटोरियल करायचंच तर ठाण्यात आणा, कोर्टात बसवा. वर्गात बसून गोल गोल चर्चा करून चोर सापडत नाही.

विहिरीवरची मोटर नि केबल चोरणाऱ्याला थिअरी लागत नाही. अंधार नि कटर लागतो, बस.

---

तापीकाठ

हवालदारसाहेब, तुमच्या शेवटच्या वाक्याला मी पूर्ण मार्क देतो, कारण नेमकी तीच थिअरी आहे! कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: चोरायची इच्छा असलेला माणूस, हाताशी असलेला माल आणि राखणदाराचा अभाव. तुम्ही अंधार आणि कटर म्हणालात. तांब्याची केबल, शिवारात एकटी विहीर, रात्री झोपायला गावात गेलेला शेतकरी... सगळं जुळतं.

पोरांना हाच प्रश्न दिला होता: आपल्या गावातली केबलचोरी घ्या आणि तिघांपैकी कोणती गोष्ट हटवता येईल ते सांगा. एका गटानं भंगारवाल्याचा मुद्दा काढला, की जळकं तांबं विकत घेणारा बंद झाला तर मालाला किंमतच राहत नाही. दुसऱ्या गटात शिरपूरकडची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे तीनदा केबल गेली, पण वडलांनी तक्रार एकदाच दिली. आकडेवारीच्या बाहेर राहणारा गुन्हा तिनं एका वाक्यात सगळ्या गटाला समजावला. पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे.

---

निवृत्त_हवालदार

तक्रार पोलीस घेत नाहीत असा सूर दिसतोय, तो मान्य नाही. शेतकरीच म्हणतो, साहेब, राहू द्या, तारखा कोण करेल. नव्या कायद्यात तर पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरला आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. केबलचा तुकडा पाच हजारांच्या आतच बसतो बऱ्याचदा. शेतकऱ्याचं मात्र भर हंगामातलं पाणी जातं त्यात. हे तुमच्या पोरांना सांगा.

---

वाचनवेडा_चोपडा

हवालदार काका, हा तर तयार प्रश्नच झाला. नुकसान वस्तूच्या किमतीवर मोजायचं की बुडालेल्या पिकावर? यावर गट पाडून भांडायला लावा. आणि काका, तुम्हीच एकदा पाहुणे म्हणून जा.

---

यष्टीची_खिडकी

मी प्रथम वर्षाला आहे. (या सरांच्या कॉलेजात नाही, दुसऱ्या.) सगळे मोठे लोक बोलताहेत म्हणून जरा थांबले होते.

आमच्याकडे ट्युटोरियल चारला असतं. माझी गाडी सव्वाचारची. ती चुकली की पुढची थेट साडेसहाला, आणि ती फाट्यावर सोडते, तिथून गाव दोन किलोमीटर. घरचे म्हणतात, एवढं काय अडलंय त्या तासावाचून. तासाला हजेरी सक्तीची, त्यावर अंतर्गत गुण. म्हणजे ज्यांची रूम शहरात आहे त्यांना गुण आणि आम्हाला कारणे दाखवा. तास चांगला की वाईट ते नंतर ठरवा, तो आमच्यापैकी कितींना मिळतो ते आधी बघा.

बाकी एक कबूल करते, दोन-तीनदा बसले तेव्हा मजा आली. लेक्चरला मी आजवर तोंड उघडलेलं नाही.

---

केळीबागवाला_रावेर

ताई, बरं झालं बोलल्या. वाचा सर. तुमचा केरळचा तक्ता सव्वाचारच्या यष्टीपुढे काय करील?

---

सातपुड्यातला

मला या तासाला सरसकट हो म्हणता येत नाही, आणि कारण वेगळं आहे.

मी भिल्ल आहे, तळोद्याकडचा. पहिल्या वर्षाला आमच्या गटात गुन्हेगार जमाती कायद्यावर चर्चा होती. १८७१चा कायदा, जन्मानंच माणसाला गुन्हेगार ठरवणारा, १९५२मध्ये रद्द झाला वगैरे. गट घेणारा सीनियर चांगल्या मनाचा होता, पण तयारी शून्य. त्यानं कुठल्यातरी गाइडमधला परिच्छेद मोठ्यानं वाचला, 'डोंगरी जमाती स्वभावतः लुटारू' अशा थाटाचा, आणि मग विचारलं, 'यावर तुमचं काय मत?' सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मी त्या परिच्छेदाचा साक्षीदार. मी काहीच बोललो नाही. नंतर महिनाभर तासाला गेलो नाही.

लेक्चरमध्ये हे झालं असतं तर शंभर जणांत मी लपलो असतो. लहान गटात लपायला जागा नसते. सर, तुम्ही जिला पळवाट बंद होणं म्हणता, तिची दुसरी बाजू ही आहे.

हेच नीट करता आलं असतं. आमच्या भिल्ल नायकाचं, खाज्या नाईकांचं घ्या. इंग्रजांनीच त्यांना सेंधव्याच्या घाटाची राखण दिली होती. १८५७मध्ये त्यांनी त्याच घाटात इंग्रजांचा खजिना लुटला. त्या काळच्या सरकारी कागदात ते बंडखोर, लुटारू. आज आमच्याकडे क्रांतिवीर. माणूस तोच, घाट तोच. शिक्का कोण मारतो आणि कोणत्या कागदावर, हा प्रश्न विचारला असता तर मी तासभर बोललो असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरनं १९६३मध्ये शिक्क्याबद्दल जे लिहिलं ते समजायला आम्हाला शिकागोला जावं लागत नाही.

---

बोरीबारशी

भाऊ, तू जे सांगस ते एकदम खरं शे. आमच्याकडे पारधी पोरीच्या बाबतीत अस्संच झालं होतं. तिनं कॉलेजच सोडलं.

---

तापीकाठ

सातपुड्यातला, तुमचं लिहिलेलं परत वाचलं. यावर 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणणं सोपं आहे, ते म्हणणार नाही. आमच्याकडे गट घेणाऱ्यांना तासाच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर प्रश्न मांडावे लागतात, कोणता उतारा वाचायचा तेही तिथं ठरतं. पण जाती-जमातींच्या विषयाला गटात शिक्षक हजर हवा, हे नियमातच असावं असं आता वाटतं. खाज्या नाईकांचं उदाहरण वापरू का? तुमची हरकत नसेल तर.

ताईंच्या यष्टीबद्दल: तास दुपारच्या सुट्टीआधी घेता येतो, अडचण खोल्यांची आहे. नव्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत ट्युटोरियलचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, आठवड्याला एक. तो वेळापत्रकाच्या पोटातच असायला हवा, शेपटीला लावलेला नको. हजेरीचे गुण मात्र मी काढणार नाही. सक्ती नसेल तर पहिल्या महिन्यानंतर गटात तिघं उरतात.

---

वाचनवेडा_चोपडा

इथं माझं सरांशी जमत नाही. सक्ती आली की तो तास पुन्हा लेक्चरच होतो, पोरं सहीपुरती बसतात. तिघं उरले तर उरू द्या. चौथा का आला नाही ते शोधा, प्रश्न कंटाळवाणे होते की गाडी सुटत होती.

---

सातपुड्यातला

खाज्या नाईक वापरा. पण ते सांगायला कुणा एकाकडे बोट करू नका, आधी कागद सगळ्यांना द्या.

---

निवृत्त_हवालदार

हे मात्र पटलं. ठाण्यातही तेच होतं, चोरी झाली की आधी ठरलेल्या वस्तीवर गाडी. त्यात खरे चोर किती सुटले ते कुणी मोजलं नाही. बाकी पंचनाम्याचं माझं म्हणणं कायम.

---

यष्टीची_खिडकी

दुपारच्या सुट्टीआधी घेतला तर मी येईन. गुण दिले नाहीत तरी.

---

केळीबागवाला_रावेर

सगळ्यांचं सगळं ऐकलं. माझा प्रश्न मात्र कुणी उचलला नाही. तक्ता शोधायचा, प्रश्न काढायचे, आदल्या दिवशी सरांपुढे बसायचं, जातीचा विषय जपून हाताळायचा, एवढं सगळं करणाऱ्या त्या मुलीला कॉलेज काय देतं?

---

तापीकाठ

सध्या प्रमाणपत्र. पुढच्या वर्षी 'कमवा आणि शिका'मधून तासाप्रमाणे पैसे द्यावेत असा प्रस्ताव टाकलाय.

---

केळीबागवाला_रावेर

म्हणजे ग्रंथालयातली पुस्तकं पुसायला आणि कुंड्यांना पाणी घालायला जो दर, त्याच दरात पहिल्या वर्षाचा पाया. प्रस्ताव मंजूर झाला की इथं टाका सर, मग बोलू.