मदत हवी आहे: कृत्रिम पाय बसवलाय, पण भाऊ तो घालायलाच तयार नाही

द्राक्षवेल
भावाला कृत्रिम पाय बसवून घेतला. सुरुवातीला तो घालून अंगणात चालायचा. आता पाय खोलीच्या कोपऱ्यात उभा असतो आणि हा दिवसभर खाटेवर. कुबड्या घेऊन मोरीपर्यंत जातो, तेवढंच. काही बोललं की भिंतीकडे तोंड करून झोपतो. द्राक्षाची गोडी छाटणी तोंडावर आली आहे, बाबांचं वय झालंय, वहिनी एकटी किती ओढणार? नाशिकला किंवा पुण्याला चांगला समुपदेशक कुणी सुचवेल का, जो अशा माणसाला पुन्हा उभं करेल? फोनवर बोलणारा असला तरी चालेल. लवकर सांगा, प्लीज. घरात सगळ्यांचाच धीर सुटत चाललाय.

सह्यवारा
वय किती? पाय कशाने गेला, कधी गेला? गुडघ्याच्या वर की खाली? शुगर आहे का? एवढं तरी लिहा ताई, नाहीतर कोण काय सुचवणार?

मनमोकळी
टेलि-मानसला फोन करा, १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलतात. भाऊ बोलायला तयार नसेल तर आधी तुम्ही बोला. तुमचाही जीव मेटाकुटीला आलेला दिसतोय.

द्राक्षवेल
@मनमोकळी, नंबर लिहून घेतला, आभार.
@सह्यवारा, वर की खाली याने काय फरक पडतो? पाय गेला तो गेला. गुडघ्याखाली. वय ३२, शुगर नाही. रोटाव्हेटरमध्ये सापडला, होळीच्या सुमारास. मी पायाचं नाही, मनाचं विचारलं आहे. पाय चांगला बसलाय, शिबिरात सगळ्यांसमोर चालून दाखवलं होतं त्याने.

सॉकेटवाला
फरक खूप पडतो ताई. मी कृत्रिम अवयव बसवण्याचं काम करतो, म्हणून विचारतो. माप कोणत्या महिन्यात घेतलं? त्यानंतर एकदा तरी तपासायला नेलं का? पाय काढल्यावर कातडी कशी दिसते? तुम्ही स्वतः पाहिली आहे का? गुडघा शाबूत असलेला तिशीतला माणूस, आधी चालत होता आणि मग थांबला, तर मी आधी सॉकेट बघतो, म्हणजे पायाचा उरलेला भाग बसतो ती खोबण. मनाचं नंतर.

सुभेदार_निवृत्त
त्याला मुरलीकांत पेटकरांबद्दल सांगा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं आणि १९७२ मध्ये म्युनिकला पोहण्यात सुवर्णपदक आणलं. आपल्या सांगली जिल्ह्यातला माणूस. असं उदाहरण डोळ्यांसमोर असलं की माणूस आपोआप उठतो.

वाळव्याचा_पाहुणा
सुभेदारसाहेब, छोटी दुरुस्ती. म्युनिकला त्या वर्षी ऑलिम्पिक झालं, पॅरालिम्पिक हायडेलबर्गला. ५० मीटर फ्रीस्टाइल, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. २०१८ ला पद्मश्री मिळाली.

सुभेदार_निवृत्त
दुरुस्ती मान्य. पण मुद्दा तोच राहतो.

फायबर_फॅन
शिबिरातला म्हणजे जयपूर फूटच असणार. ते पन्नास वर्षांपूर्वीचं तंत्र आहे. एखादं कर्ज काढा, पण कार्बन फायबरचा पंजा आणि सिलिकॉनचा लायनर (आत घालायचा मऊ मोजा) घ्या. माझ्या मेव्हण्याने घेतला, आता गड चढतो. स्वस्तातल्या पायावर माणूस चालत नाही म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

चिखलवाट
@फायबर_फॅन, शेतकऱ्याच्या घरी असले सल्ले देताना जरा विचार करा. साठच्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी हा पंजा घडवला तो आपल्यासारख्यांसाठीच. उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं, चिखलापाण्याने बिघडत नाही. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो काय उगीच? माझे चुलते त्याच पायावर भातलावणी करतात. तुमचा कार्बनचा पंजा खाचरात घालून दाखवा.

फायबर_फॅन
खाचरात घालायचा नाहीच. शेतात एक, बाहेर एक असे दोन पाय ठेवतात लोक. आणि कर्जाचं म्हणाल तर ट्रॅक्टरसाठी आपण काढतोच ना? पायासाठी का नको?

सॉकेटवाला
दोघेही पंज्यावर भांडताय. पंजा खाली असतो, पायाचा उरलेला भाग बसतो तो वरच्या सॉकेटमध्ये. सॉकेट नीट नसेल तर खाली जयपूर लावा नाहीतर कार्बन, माणूस चालणार नाही. ताई, माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या.

उंबरठा
माझा डावा पाय कॉलेजात असताना गेला, गुडघ्याखालीच. आता केस पांढरे झालेत. नोकरी केली, मुलं वाढवली, रोज लोकलने गेलो-आलो. ताई, पहिल्या वर्षी घरच्यांनी आणि पाहुण्यांनी "हिंमत धर, हिंमत धर" इतक्यांदा ऐकवलं की मी दुखतंय हे सांगणंच सोडून दिलं. दुखतं म्हणालो तर आपण हिंमतीत कमी पडलो असं ठरेल, असं वाटायचं. येणारा प्रत्येक जण कुणा ना कुणा शूराची गोष्ट घेऊन यायचा. सुभेदारसाहेब, राग मानू नका. पेटकरांबद्दल मला पराकोटीचा आदर आहे, पण कातडी सोललेली असताना ती गोष्ट ऐकवत नाही.

चालण्याबद्दल त्याला आठवडाभर काही बोलूच नका. संध्याकाळी शेजारी बसा आणि विचारा, पाय घातल्यावर कुठे लागतं, बोट ठेवून दाखव. दुसरं, नसलेला पाय दुखतो का, हेही विचारा. हे तो आपणहून सांगणार नाही. वेड लागलंय म्हणतील अशी भीती वाटते, मलाही वाटायची.

निर्गुंडी
आमच्याकडे एक वैद्य निर्गुंडीचं तेल करून देतात. गरम करून रोज रात्री चोळायचं, नसा मोकळ्या होतात. हवं असेल तर पाठवते.

बँकेतला_माणूस
कुणी विचारलं नाहीये, पण सांगतो, कारण लोकांना माहीत नसतं. भावाचं पासबुक काढा आणि २० रुपये कापल्याची नोंद शोधा, बहुतेक मे-जूनमध्ये सापडेल. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघातात एक पाय गेला तर त्यात १ लाख मिळतात. त्याचा अपघात होळीचा, म्हणजे त्याआधीच्या वर्षीचा हप्ता कापलेला हवा. दुसरी, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. त्यातही एका अवयवासाठी १ लाख आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे?

द्राक्षवेल
सातबारा बाबांच्या नावावर आहे, म्हणून आम्ही त्या भानगडीत पडलोच नाही.

बँकेतला_माणूस
अहो, सातबाऱ्यावर खातेदार नसलेला कुटुंबातला एक सदस्यही त्यात बसतो! तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. मुदत ३० दिवसांची आहे, ती उलटून गेली, तरीही जाऊन भेटा आणि उशिराचं कारण लेखी द्या. दवाखान्याचे कागद आणि पोलिसांकडचा पंचनामा सांभाळून ठेवा.

तीनचाकी
भावाला स्कूटरला बाजूची चाकं लावून द्या. आरटीओत अनुकूलित वाहन म्हणून नोंद होते, लायसनही मिळतं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं की एसटीत ७५ टक्के सवलत आहे. माझ्या गाडीचे फोटो हवे असतील तर टाकतो.

सह्यवारा
@तीनचाकी, तो अजून उंबऱ्याबाहेर पडत नाहीये हो. गाडीचं नंतर बघू.

द्राक्षवेल
काल रात्री विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग पायजमा वर केला. नडगीच्या हाडाच्या टोकाशी जखम चिघळली आहे, रुपयाच्या नाण्याएवढी. पाय सैल झाला म्हणून हा आत जुन्या बनियनच्या पट्ट्या कोंबून चालत होता. त्यातली एक पट्टी जखमेला चिकटली होती, ती पाण्याने भिजवून काढावी लागली. वहिनीला ठाऊक होतं, पण त्याने तिला शपथ घातली होती. आधीच एवढा खर्च झालाय, आता पुन्हा कुणाला सांगायचं, असं म्हणाला.

आणि @उंबरठा, तुम्ही म्हणालात तसंच आहे. रात्री नसलेल्या पायाचा अंगठा कुणीतरी पिरगळतंय असं वाटतं त्याला. पहाटेपर्यंत जागा असतो. आम्हाला वाटायचं मोबाईल बघतो.

@सॉकेटवाला, माप आषाढात घेतलं. परत नेलं नाही. शिबिरवाल्यांना फोन केला, पुढचं शिबिर कधी ते नक्की नाही म्हणाले. आई रोज गुडघ्याखाली उशी देते, त्याने आराम पडतो म्हणतो. जखमेवर हळद लावली तर चालेल का?

सॉकेटवाला
हळद नाही, तेल नाही (@निर्गुंडी, तुमची तळमळ कळते, पण उघड्या जखमेवर ते नकोच). उद्याच सर्जनला दाखवा, हाडाजवळची जखम आहे. ती पूर्ण भरेपर्यंत कृत्रिम पाय अजिबात घालायचा नाही.

काय झालं ते सांगतो. पाय कापल्यावर पहिले काही महिने स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आटत जातो. सूज उतरते, स्नायू बारीक होतात. आषाढात घेतलेलं माप भाद्रपदात सैल होणारच, जगात कुठेही आणि कितीही महागाचा पाय घेतला तरी. गुडघ्याखालच्या सॉकेटमध्ये वजन तोललं जातं ते मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर आणि बाजूच्या मांसल भागावर. हाडाच्या टोकावर वजन यायला नको. सॉकेट सैल झालं की स्टंप आत घसरतो आणि टोक तळाला टेकतं. चिंध्या कोंबल्या की एकाच जागी दाब येतो आणि कातडी सोलते. तुमचा भाऊ अशा अवस्थेत चालत होता, त्याला खचलेला कसं म्हणायचं?

चिंध्यांऐवजी स्टंपचे मोजे मिळतात, पातळ आणि जाड. सैल होईल तसा एकेक वाढवायचा. बरेच मोजे चढवूनही हलत असेल तर नवीन सॉकेट. सगळा पाय बदलावा लागतोच असं नाही. टोक टेकतंय का ते घरीही बघता येतं, अर्थात जखम भरल्यावर. सॉकेटच्या तळाशी मळलेल्या कणकेची वाटाण्याएवढी गोळी ठेवायची, मोजा आणि पाय घालून धरून उभं राहायचं, मग काढून बघायचं. गोळी चपटी झाली असेल तर टोक टेकतंय.

उशी आजपासून बंद. आईंना वाईट वाटेल, पण नीट समजावून सांगा. उशीने गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग सरळच होत नाही. आज त्याला खाटेवर पाय लांब करायला सांगा. गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकते का, एवढं बघून लिहा.

फिजिओ_सातारा
सॉकेटवाल्यांशी सहमत. रात्रीच्या दुखण्याला फँटम पेन म्हणतात. ते खरं दुखणं आहे, मेंदूत त्या पायाची जागा अजून जागी असते. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं देतात, पण डॉक्टरांनीच ठरवायची, कुणाची उरलेली गोळी घेऊ नका. सोबत आरशाचा उपाय करून बघा. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो पुढे आणला. लांबट आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा धरायचा, चांगला पाय आरशासमोर, स्टंप आरशामागे. आरशात बघत चांगल्या पायाची बोटं सावकाश उघडायची, मिटायची, घोटा फिरवायचा. पिरगळलेला अंगठा सुटल्यासारखा वाटतो काहींना. सगळ्यांना लागू पडतो असं नाही, पण खर्च काही नाही. पहिल्यांदा रडू येऊ शकतं, तेव्हा कुणीतरी जवळ बसा.

पाय घालत नाही तोवर क्रेप बँडेज बांधायला शिकून घ्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. टोकाकडे घट्ट आणि वर सैल. उलटं झालं तर सूज टोकाला साचते. जखम असताना कसं बांधायचं ते ड्रेसिंग करणाऱ्यांनाच विचारा.

मनमोकळी
एवढं सगळं झाल्यावरही मनाचं सोडून देऊ नका. इतके महिने झोप नाही, वर लपवाछपवीचा ताण. वहिनीलाही बोलतं करा, ती शपथ पोटात घेऊन बसली होती.

द्राक्षवेल
सर्जनना दाखवलं. ड्रेसिंग आणि गोळ्या दिल्या, हाडापर्यंत गेलेली नाही म्हणाले. रात्रीच्या दुखण्यासाठीही औषध दिलं. गुडघा गादीला पूर्ण टेकत नाही, खालून दोन बोटं जातात. आईने उशी स्वतःच कपाटात टाकली. आरसा अजून आणला नाही. छाटणी बाबांनी पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळीला दिली, त्यामुळे तो घोर मिटला. काडी कुठे धरायची ते भाऊ फोनवरून सांगत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडला!

आता नवीन सॉकेट कुठे करायचं? परत शिबिराची वाट बघायची नाही. परळला आत्या राहते.

उंबरठा
परळला घर आहे तर हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था बघा, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. डॉक्टर, फिजिओ आणि पाय बनवणारे एकाच आवारात आहेत. फेऱ्या माराव्या लागतील, पण फेऱ्या मारूनच सॉकेट नीट बसतं.

चिखलवाट
आणि पंजा जयपूरच घ्या.

सॉकेटवाला
पंज्याचं तिथले लोक त्याला शेतात काय काय करायचंय ते विचारून ठरवतील. ताई, जखम भरायची वाट न बघता आधी एकदा जाऊन या. माप नंतर घेतील, पण गुडघ्याचे व्यायाम आत्ताच सुरू व्हायला हवेत. दोन बोटांची फट अजून व्यायामाने जाईल, उशीर केला तर अवघड होतं. जाताना जुना पाय, त्याच्यासोबत तो वापरतो ती चप्पल किंवा बूट, ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे न्या. त्या बनियनच्या पट्ट्याही न्या. कुठे कोंबत होता ते त्यानेच दाखवायचं, तुम्ही नाही.