मदत हवी आहे: रॉड्रीशिवाय मँचेस्टर सिटीची मधली फळी कशी सावरायला हवी होती?

मंडळी, डावपेचांचा अभ्यास असणाऱ्यांनी जरा समजावून सांगा. सप्टेंबर 2024 मध्ये बचावात्मक मिडफिल्डर (बचावफळीच्या पुढे खेळणारा) रॉड्रीचा गुडघा गेला आणि त्यानंतर त्या मोसमात मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल संघाचा खेळ बघवत नव्हता. घरच्या मैदानावर टॉटनहॅमकडून 0-4. फेयेनूर्दविरुद्ध 75व्या मिनिटापर्यंत 3-0 पुढे, तरी 3-3. आणि जानेवारी 2025 मध्ये पॅरिसमध्ये दोन गोलांची आघाडी घेऊन 2-4 हार!

प्रत्येक वेळी एकच चित्र. चेंडू गेला की समोरचा संघ मधून सरळ धावत सुटायचा. मधल्या फळीतला कोवाचिच एका बाजूला खेचला जायचा, त्याच्या जोडीच्या गुंदोआनचे पाय तेव्हा तेवढे साथ देत नव्हते, आणि बचावपटू मागे पळतच राहायचे.

त्याच महिन्यात खुसानोव आणि व्हिटोर रेईस हे दोन बचावपटू आले, आघाडीच्या फळीत मार्मूश आला. मार्मूशच्या वेगाबद्दल मला खात्री आहे. पण रॉड्रीच्या जागेचं काय?

माझा प्रश्न असा: दोष फक्त त्या एका जागेचा होता, की पुढच्या फळीचं प्रेसिंगच (चेंडू गेल्यावर समोरच्यावर लगेच दबाव टाकणं) ढिलं पडलं होतं? खेळाडू खरेदीची जानेवारीतली खिडकी (मुदत) बंद व्हायच्या आत बचावात्मक मिडफिल्डर घ्यायला हवा होता, की बचावपटू स्टोन्सला पुढे खेळवून भागलं असतं? असे सामने पाहताना नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं, तेही सांगा.