मदत हवी आहे: मुलांसमोर पुरुषांच्या रडण्याचा विषय कसा काढावा?

नाशिकमध्ये नववीच्या मुलांसाठी 40 मिनिटांचा तास घ्यायचाय. दोन क्लिप पक्क्या: 2019 मध्ये विक्रम लँडरचा संपर्क तुटल्यावर पंतप्रधानांच्या मिठीत रडणारे इस्रोप्रमुख सिवन, आणि 2022 मध्ये लंडनला फेडररच्या निरोपाच्या सामन्यानंतर त्याच्याशेजारी बसून रडणारा नदाल.

अडचण पहिल्या हशाची. एक हसला की सगळा वर्ग हसतो. ज्याचे डोळे भरलेत तो खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागतो. आधी 30 सेकंद आवाज बंद ठेवून दाखवावं का?

रामकुंडावर दशक्रियेला पुरुष रडला तर कुणी नावं ठेवत नाही. तोच सीबीएसवर, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती बसस्टँडवर रडला की ‘बाईसारखा काय रडतोस’! वर्गात वडील गेलेला मुलगा असेल तर हे उदाहरण टाळावं का? शिक्षक, समुपदेशकांनी कृपया सांगा.