३८८ विरुद्ध १: जॅनेट रँकिनबाईंचं काय करायचं?

भरतीओहोटी (धागाकर्ता)

अमेरिकन राजकारणावर इथे धागा निघाला की तो लिंकन, केनेडी नाहीतर ट्रम्पवरच जाऊन थांबतो. आज जरा मागच्या बाकावरच्या एका बाईंवर वाद घालू.

८ डिसेंबर १९४१. आदल्या दिवशी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केलेला, चोवीसशेच्या वर अमेरिकन माणसं मेलेली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचं भाषण झालं आणि तासाभरात युद्धाचा ठराव मंजूर. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ०, प्रतिनिधीगृहात ३८८ विरुद्ध १. तो एक म्हणजे मोंटानाच्या रिपब्लिकन खासदार जॅनेट रँकिन, वय वर्षं ६१.

ज्यांना बाई ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेली ही पहिली स्त्री. निवडणूक १९१६ ची. देशभर बायकांना मताचा हक्क मिळाला १९२० साली, पण मोंटानात तो १९१४ मध्येच मिळाला होता आणि त्या लढ्यात बाई पुढे होत्या. २ एप्रिल १९१७ ला शपथ घेतली आणि ६ एप्रिलच्या पहाटे जर्मनीविरुद्धच्या युद्धावर मतदान आलं. नाव पुकारल्यावर पहिल्यांदा त्या गप्प राहिल्या. जुनेजाणते खासदार जो कॅनन जवळ येऊन म्हणाले, तुम्ही देशातल्या सगळ्या स्त्रियांच्या प्रतिनिधी आहात, मत न देऊन चालायचं नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘मला माझ्या देशाच्या बाजूनं उभं राहायचंय, पण मी युद्धाला मत देऊ शकत नाही.’ त्या वेळी विरोधात ५० मतं पडली होती.

माझं म्हणणं असं. १९१७ चं मत मला पटतं. ते युद्ध टाळता येण्यासारखं होतं आणि विरोधात बाकीचे ४९ जण होतेच. १९४१ चं मत मात्र बेजबाबदार होतं. बॉम्ब पडून गेल्यावर ‘युद्ध हवं की नको’ हा प्रश्नच उरत नाही. त्या एका मताला आज जी शौर्यपदकं वाटली जातात ती मला मान्य नाहीत. बोला.

पाटीपेन्सिल

साफ असहमत.

१९४० मध्ये बाई निवडून आल्या त्या कशावर? पोरांना युद्धावर पाठवणार नाही या आश्वासनावर. आणि ते एकट्या बाईंनी दिलं नव्हतं. त्याच निवडणुकीत रूझवेल्टने बॉस्टनला सांगितलं होतं की तुमची मुलं परक्या युद्धांत पाठवली जाणार नाहीत. वर्षभराने एकाने शब्द बदलला, एकीने पाळला. बदलला की ती ‘परिस्थिती’ आणि पाळला की तो ‘हट्ट’, हे बरं आहे!

निवांत_बसलेला

पॉपकॉर्न घेतले आहेत. चालू द्या.

तिठ्यावरचा

@पाटीपेन्सिल, शब्द पाळण्याचं कौतुक करण्याआधी बाईंचा हिशोब जरा नीट तपासा.

७ डिसेंबर १९१७. ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धाचा ठराव. विरोधात फक्त एक मत पडलं, न्यूयॉर्कचे समाजवादी खासदार मेयर लंडन यांचं. रँकिनबाईंनी चक्क बाजूने मत दिलं. कारण काय, तर युद्ध आधीच सुरू झालंय, हा निव्वळ तांत्रिक भाग आहे, मी पैशाला आणि माणसांना मत दिलंय तसं यालाही देते.

मग ११ डिसेंबर १९४१. जर्मनी आणि इटलीविरुद्धचे ठराव. बाईंनी विरोध केला का? नाही. ‘हजर’ एवढंच नोंदवून घेतलं. म्हणजे जपानशी लढायला विरोध आणि हिटलरच्या वेळी मौन. याला तत्त्व म्हणायचं?

यावर कडी म्हणजे जपानविरुद्धच्या ठरावाला वर्ष झालं त्या दिवशी बाईंनी काँग्रेसच्या कामकाजात एक टिपण घुसवलं. रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी आर्थिक कोंडी करून जपानला मुद्दाम डिवचलं, असा त्याचा रोख. आजच्या काळात असलं काही फॉरवर्ड होऊन आलं असतं तर इथल्याच लोकांनी त्याची सालटी काढली असती.

पाटीपेन्सिल

११ डिसेंबरचं सांगता, पण ८ तारखेला सभागृहात काय चाललं होतं ते नाही सांगत. बाई बोलायला उठत होत्या आणि सभापती रेबर्न त्यांना बोलूच देत नव्हते. खाली बसा, एवढंच. दुसरी बाजू एक मिनिटसुद्धा ऐकून न घेता एवढा मोठा देश युद्धात उतरला, आणि दोष कुणाचा? ज्यांना बोलायचं होतं त्यांचा!

ऑस्ट्रियाच्या मतावर मात्र तुमचा मुद्दा बिनतोड आहे. मेयर लंडनवर कुणीतरी वेगळा धागा काढा. तो माणूस खरंच विस्मरणात गेला.

गोधडी

तुम्ही सगळे या दोन मतांभोवतीच पिंगा घालताय. साठेक वर्षांचं सार्वजनिक आयुष्य आणि चर्चा काय, तर दोन पुकाऱ्यांची. मी मोंटानात काही वर्षं काढली आहेत. तिथे ब्यूटला गेलात तर वेगळीच रँकिन भेटेल.

ब्यूट म्हणजे तांब्याचा डोंगर. ८ जून १९१७ ला तिथल्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागली आणि १६८ माणसं गेली. आग लागली कशी, तर खाणीत आगीपासून बचावाची यंत्रणा बसवायची म्हणून विजेची जाडजूड केबल खाली सोडत होते. ती निसटून खाली पडली, तिचं तेलात भिजवलेलं वेष्टण फाटलं. पाहायला गेलेल्या फोरमनच्या कार्बाइडच्या दिव्याने ते पेटलं. आग काही हजार फूट खाली आणि धूर सगळ्या बोगद्यांत. बहुतेक जण भाजून नाही, गुदमरून मेले. काहींनी बोगद्यात आडोसे बांधून हवा राखली आणि वाट पाहिली. त्यातले थोडे वाचले, बाकीच्यांनी घरच्यांना चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या.

कामगार संपावर गेले. तिथे ‘रसलिंग कार्ड’ नावाची पद्धत होती. कंपनीने दिलेलं कार्ड असेल तरच खाणीत काम मिळायचं. संघटनेचं नाव काढलं की कार्ड गेलं, कार्ड गेलं की चूल विझली. १ ऑगस्टला फ्रँक लिटल या कामगार नेत्याला मुखवटे घातलेल्या माणसांनी रात्री खोलीतून ओढून नेलं आणि रेल्वेच्या पुलाला लटकवलं. त्याच महिन्यात रँकिन ब्यूटला गेल्या. कोलंबिया गार्डन्समध्ये हजारो खाणकामगारांसमोर बोलल्या. ही कार्डं बंद करा म्हणाल्या, आणि कंपनी ऐकत नसेल तर सरकारने खाणी ताब्यात घ्याव्यात असंही.

‘कंपनी’ म्हणजे अ‍ॅनाकोंडा ही तांब्याच्या खाणींची कंपनी. त्या काळात मोंटानातली बरीचशी वर्तमानपत्रं तिच्या खिशात होती. तिच्या तोंडावर असं बोलायला जे लागतं ते मला ३८८ विरुद्ध १ पेक्षा मोठं वाटतं. इथे समोर नुसती नाराजी नव्हती, पुलाला लटकलेला माणूस होता.

आणखी एक. वॉशिंग्टनच्या सरकारी नोटा छापण्याच्या कारखान्यात बायकांना बारा-बारा तास राबवत होते. बाईंनी चौकशीचा धोशा लावला आणि आठ तासांचा दिवस लागू झाला. यावर कुणी धागा काढत नाही.

भरतीओहोटी (धागाकर्ता)

@गोधडी, प्रतिसाद आवडला. पण हे सगळं माझ्याच बाजूचं आहे की! ज्या बाईकडे ही धमक होती तिने १९४१ साली सगळी पत एका फुकट मतावर उधळली. त्यानंतर ना कामगारांसाठी काही करता आलं, ना बायकांसाठी. डर्कसनसारखे पक्षातले लोक विनवत होते की विरोध नका करू, नुसतं तटस्थ राहा. राहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

गोधडी

१९१८ मध्ये काय झालं ते बघा म्हणजे ‘पत’ कशी टिकते ते कळेल. मोंटानाच्या दोन जागा आधी अख्ख्या राज्यातून निवडल्या जायच्या. मग राज्याचे दोन मतदारसंघ पाडले आणि बाईंच्या वाट्याला डेमोक्रॅट वरचढ असलेला भाग आला. त्यांनी सिनेटसाठी उभं राहून बघितलं, पक्षातल्याच प्राथमिक फेरीत हरल्या. तिसऱ्या पक्षातर्फे लढल्या, तिथेही हरल्या. पुढची बावीस वर्षं बाहेर. नेमस्तपणे वागून पत सांभाळणाऱ्यांना कंपनीने काही सोडलं नसतं.

कडूकारलं

८ डिसेंबरचा एक प्रसंग लिहायचा राहिला. आदल्या दिवशी बाई डेट्रॉइटला भाषणाला निघाल्या होत्या, बातमी कळली तेव्हा पिट्सबर्गहून परत फिरल्या. मतदानानंतर बाहेर लोक इतके खवळले होते की बाईंनी सभागृहालगतच्या टेलिफोन बूथमध्ये आसरा घेतला आणि तिथूनच पोलीस बोलावले. काचेच्या दाराआड उभ्या असलेल्या बाईंचा फोटो आहे. भाऊ वेलिंग्टन स्वतः वकील आणि राजकारणातला मुरलेला. त्याने कळवलं, मोंटाना शंभर टक्के तुझ्या विरोधात आहे.

कॅन्ससमधल्या एम्पोरिया गॅझेटचे संपादक विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांना बाईंची भूमिका शंभर टक्के चुकीची वाटत होती. तरी त्यांनी लिहिलं की शंभरेक पुरुषांना असं मत द्यायला आवडलं असतं, धाडस एकालाही झालं नाही. मला हा माणूस जास्त आवडतो. मत चूक म्हणायचं आणि धाडसाला टोपीही काढायची, दोन्ही एकाच वेळी जमतं. इथे तेवढंच कुणाला जमत नाहीये.

तिठ्यावरचा

धाडस हा युक्तिवाद नव्हे. बाईंनी १९४० च्या प्राथमिक फेरीत ज्याला पाडलं तो थॉर्कल्सन उघडउघड ज्यूद्वेष्टा होता आणि सभागृहात तोही कुणाला भीत नव्हता. त्याला टोपी काढणार का?

कडूकारलं

नाही काढणार. पण थॉर्कल्सनला टेलिफोन बूथमध्ये लपायची वेळ आली नव्हती.

निवांत_बसलेला

पॉपकॉर्न संपले, भडंग आणलंय. बाईंचं गांधीजींशी काही होतं ना?

पाटीपेन्सिल

हो. १९४६ पासून पुढे पंचवीस वर्षांत सात वेळा भारतात आल्या होत्या, ओढा गांधींच्या विचारांचाच. जॉर्जियात साध्या घरात वीजबीज न घेता राहायच्या. १९६८ च्या जानेवारीत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनला बायकांचा मोर्चा निघाला, त्याला नावच ‘जॅनेट रँकिन ब्रिगेड’ होतं. सत्त्याऐंशीच्या बाई सगळ्यांत पुढे चालत होत्या. १९७३ मध्ये गेल्या.

तिठ्यावरचा

गांधींचा मार्ग इंग्रजांपुढे चालला. डिसेंबर १९४१ मध्ये नानजिंगच्या रहिवाशाला विचारा जपान्यांपुढे काय चालतं ते. हा विषय इथे वाढवत नाही, नाहीतर धागा वाचनमात्र होईल.

पाटीपेन्सिल

बरं, १९६४ बघू. टोंकिनच्या आखाताचा ठराव, म्हणजे व्हिएतनाममध्ये लष्कर वापरायची राष्ट्राध्यक्षाला दिलेली मोकळीक. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये विरोधात दोघेच: ओरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग. दोघेही १९६८ मध्ये हरले. ज्या ठरावाला सगळे ‘हो’ म्हणाले त्याने व्हिएतनाम दिलं. २००१ मध्ये ९/११ नंतरचा लष्करी बळ वापरायचा ठराव, ४२० विरुद्ध १, ती एक ऑकलंडची बार्बरा ली. त्या ठरावाच्या जोरावर अमेरिका पुढे कुठेकुठे लढत राहिली ते सगळ्यांना माहीत आहे. एकटं पडलेलं मत नंतर खरं ठरलं अशी ही तीन नावं. चौथीला तुम्ही बेजबाबदार म्हणताय.

भरतीओहोटी (धागाकर्ता)

हीच तर गल्लत आहे. टोंकिन आणि २००१ हे दोन्ही ठराव म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिलेला कोरा चेक होता. कुणाशी, कुठे, किती दिवस, काहीच बांधलेलं नव्हतं. मोर्स, ग्रुएनिंग आणि ली यांनी त्या कोऱ्या चेकला विरोध केला आणि तो अगदी रास्त होता. १९४१ चा ठराव एका देशाविरुद्ध होता, ज्याने आदल्या दिवशी आरमार बुडवलं होतं. रँकिन या रांगेत बसतच नाहीत. त्या एकट्या होत्या हेच काय ते साम्य.

आणि बार्बरा लींचे मतदार त्यांच्या बाजूने होते. त्यानंतरही वीस वर्षं त्यांना निवडून दिलं. रँकिन यांच्या बाजूने मोंटानात कोण होतं? तुम्हीच पहिल्या प्रतिसादात मतदारांना दिलेल्या शब्दाची गोष्ट काढलीत. ज्यांना शब्द दिला तेच ‘आता सोड तो शब्द’ म्हणत असतील तर प्रतिनिधीने कुणाशी इमान राखायचं?

पाटीपेन्सिल

मतदार ‘सोड’ म्हणाले हे कळलं कसं? चोवीस तासांत? भावाच्या एका निरोपावरून? १९४२ ला बाई उभ्याच राहिल्या नाहीत. त्यामुळे मोंटानाचा कौल कधी घेतलाच गेला नाही.

तिठ्यावरचा

उभ्या राहिल्या नाहीत यातच कौल आला. ती जागा माइक मॅन्सफील्डने घेतली. पोरवयातच पहिल्या महायुद्धात नौदलात शिरलेला, मग लष्कर, मग मरीन. मोंटानाला काय हवं होतं ते यावरून दिसतं.

गोधडी

हाच मॅन्सफील्ड पुढे सिनेटचा बहुमत नेता झाला, टोंकिनला ‘हो’ म्हणाला आणि नंतर व्हिएतनामला विरोध करत बसला. आधी ब्यूटच्या खाणीत काम केलेला माणूस होता तो, म्हणून मला त्याच्याबद्दलही आपुलकी आहे. तेव्हा मॅन्सफील्डचा दाखला जपून द्या.

@धागाकर्ता, वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये मोंटानाने १९८५ साली बाईंचा पुतळा दिलाय. त्यावर कोरलंय ते युद्धाला मत न देण्याचंच वाक्य. रसलिंग कार्डाचा उल्लेख नाही, नोटांच्या कारखान्यातल्या बायकांचा नाही. म्हणजे तुमचा धागा आणि तो पुतळा, दोघांनाही बाईंमधलं तेवढंच दिसतं. उद्या ब्यूटवर स्वतंत्र लिहिते, तिथे या भांडायला.

भरतीओहोटी (धागाकर्ता)

येतो. ऑस्ट्रियाचं मत तिथेही काढणार, आधीच सांगून ठेवतो.